बंदरातील आठ तास : विहारनौकेचा प्रवासी आणि रंजनोद्यान यांचा काल-भौगोलिक विचार

पर्यटनाच्या भूगोलात अंतर किलोमीटरांत मोजण्याची रूढी आहे. विहारनौकेने, म्हणजे आज ज्यांस सर्रास 'क्रूझ' म्हणतात त्या जहाजांनी, प्रवास करणाऱ्या मनुष्यास हे माप अपुरे पडते. त्याची नौका सकाळी धक्क्याला लागते आणि त्याच दिवशी सायंकाळी सुटते. मधल्या अवधीत त्याने कोठवर जावे व काय पाहावे हे त्याच्या आवडीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, घड्याळ ठरविते. प्रस्तुत लेखात या परिस्थितीचे एक टोकाचे उदाहरण विचारात घेतले आहे : बंदरातील एका दिवसाच्या मुक्कामात प्रवाशाने थीम पार्कला, म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती रचलेल्या रंजनोद्यानाला, दिलेली भेट.

विषय वरकरणी हलका वाटेल. परंतु संग्रहालय अर्ध्या तासात पाहता येते आणि देवालय दहा मिनिटांतही पाहता येते; रंजनोद्यानाची रचना मात्र मुळातच संपूर्ण दिवस गृहीत धरून केलेली असते. त्याचे तिकीट, त्यातील रांगा, भोजनगृहे, रात्रीची रोषणाई या सर्वांमागे सकाळी येऊन रात्री परतणारा मनुष्य कल्पिलेला असतो. उलट नौका आपल्या प्रवाशास दिवसाचा एक तुकडाच देते. दोन काटेकोर वेळापत्रके अशा रीतीने एकमेकांवर आदळतात, आणि म्हणूनच काळ व अवकाश यांचा संबंध अभ्यासण्यास हे उदाहरण सोयीचे ठरते.

१. तीन प्रकारच्या मर्यादा

या अभ्यासास लागणारी चौकट स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे भूगोलज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी पुरविली आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये कोपनहेगन येथे भरलेल्या प्रादेशिक विज्ञानाच्या युरोपीय अधिवेशनात त्यांनी अध्यक्षीय भाषण केले व ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रदेशांच्या आकडेवारीत जिवंत माणूस हरवून जातो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी असता येते, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास वेळ लागतो, या दोन साध्या गोष्टींपासून त्यांचे विवेचन सुरू होते. मनुष्याच्या हालचालीवरील मर्यादांचे त्यांनी तीन वर्ग केले.

पहिला वर्ग क्षमताजन्य मर्यादांचा. भूक, थकवा आणि वाहनाचा वेग या येथे मोडतात. ज्या बंदरात पाणी उथळ असल्याने नौका दूर नांगरून प्रवाशांस लहान होड्यांनी किनाऱ्यावर आणावे लागते, तेथे ही मर्यादा विशेष जाणवते. दुसरा वर्ग संयोगजन्य मर्यादांचा. काही माणसे, साधने व वस्तू ठराविक वेळी ठराविक ठिकाणी एकत्र आल्याखेरीज कार्य घडत नाही. सुटण्याच्या वेळेपूर्वी साधारणतः अर्धा ते एक तास सर्व प्रवासी नौकेवर परतलेच पाहिजेत, हा दंडक या वर्गातील होय. नौकेवरील घड्याळ आणि किनाऱ्यावरील घड्याळ यांत कधी कधी एक तासाचा फरक राखलेला असतो. तो ज्याच्या ध्यानात राहिला नाही त्याची नौका चुकते. तिसरा वर्ग अधिकारजन्य मर्यादांचा. पारपत्राची तपासणी, बंदराचे नियम, उद्यान उघडण्याची वेळ आणि प्रवेशाचे तिकीट या गोष्टी इतरांच्या सत्तेखाली असतात. त्यांत प्रवाशाचे काही चालत नाही.

या तिन्ही मर्यादांमधून मनुष्यास जो काळ व अवकाश मोकळा उरतो, त्याच्या आकृतीस हेगरस्ट्रांड यांनी लोलकाची उपमा दिली. नौकेचे आगमन हे या लोलकाचे एक टोक आणि तिचे प्रस्थान हे दुसरे. दोन्ही टोके एकाच धक्क्यावर खिळलेली असल्याने प्रवासी जितका दूर जाईल तितका मुक्कामाचा वेळ दुप्पट प्रमाणात घटतो, कारण जाण्याचे प्रत्येक मिनिट परतीच्या वाटेवर पुन्हा मोजावे लागते.

२. तीन बंदरांचा ताळा

ही मांडणी पडताळून पाहण्यासाठी एक कल्पित दिवस घेऊ. नौका सकाळी ८ वाजता धक्क्याला लागली व सायंकाळी ६ वाजता सुटणार आहे. तपासणी आटोपून प्रवाशाचा पाय जमिनीवर लागेपर्यंत ९ वाजले, आणि ५ वाजेपर्यंत त्याने परतावयाचे आहे. म्हणजे कागदावरील दहा तासांचे प्रत्यक्षात आठच तास, अर्थात ४८० मिनिटे, उरले. पुढील हिशेबांतील मिनिटे उदाहरणादाखल धरली आहेत. बंदरे व उद्याने मात्र खरी आहेत.

प्रथम फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरल. ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. ते या बंदरापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. अनेक नौका याच बंदरातून प्रवासास निघतात, परंतु न्यूयॉर्ककडून येणाऱ्या काही नौका येथे एका दिवसापुरत्या थांबतात. रस्त्याने जाण्यास सव्वा तास धरू. तेथील मॅजिक किंगडम या उद्यानाच्या दाराशी मोटार थेट पोहोचत नाही. वाहनतळावरून सरोवरापलीकडे मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जावे लागते. त्यासाठी व सुरक्षा-तपासणीसाठी पाऊण तास धरला तर जाण्यात १२० मिनिटे गेली. परतीस १०५ मिनिटे आणि रस्त्यावरील अडथळ्यांसाठी राखीव ६० मिनिटे वजा केली म्हणजे उद्यानात १९५ मिनिटे, सव्वातीन तास उरतात. एकेका लोकप्रिय खेळासाठी तासाची रांग असल्यास तीन खेळ पाहून प्रवासी परतेल.

दुसरे बंदर कोपनहेगन. येथील टिवोली उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी गेऑर्ग कार्स्टेन्सन यांनी उघडले. शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, जुन्या तटबंदीच्या जागेवर ते उभे राहिले, आणि त्यातील तळे हे पूर्वीच्या खंदकाचाच अवशेष होय. पुढे शहर वाढत गेले आणि वेशीबाहेरचे उद्यान शहराच्या मध्यभागी, मुख्य रेल्वेस्थानकाच्या शेजारी आले. लांगेलिनीच्या धक्क्यापासून ते तीन-चार किलोमीटरांवर आहे. जाण्यास अर्धा तास, येण्यास अर्धा तास व राखीव अर्धा तास पुरतो. तथापि उन्हाळ्यात उद्यान सामान्यतः सकाळी ११ वाजता उघडते. म्हणून ९ वाजता मोकळ्या झालेल्या प्रवाशास ११ ते ४ असे पाच तासच मिळतात. येथे अंतराने काहीच हिरावले नाही. जे हिरावले ते अधिकारजन्य मर्यादेने. मात्र मधल्या दीड तासात प्रवासी शहराच्या रस्त्यांतून पायी हिंडतो, आणि उद्यानाने नाकारलेला तो वेळ शहराच्या पदरी पडतो.

तिसरे बंदर सिंगापूर. हार्बरफ्रंटच्या धक्क्यासमोरच सेंटोसा बेट आहे. २००७ पासून तेथे मोनोरेल जाते, आणि युनिव्हर्सल स्टुडिओज हे रंजनोद्यान २०१० मध्ये या बेटावर सुरू झाले. उद्यान १० वाजता उघडते असे धरल्यास प्रवाशास १० ते ४ असे सहा तास मिळतात. परंतु नौका मरीना बे येथील, २०१२ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनलवर लागली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बंदराचे नाव एक असले तरी धक्के निरनिराळे असतात, आणि प्रवासाची माहितीपत्रके बहुधा बंदराचेच नाव देऊन थांबतात, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

या तुलनेवरून दिसते की अंतर हे सर्वत्र निर्णायक नसते. पोर्ट कॅनाव्हरल येथे क्षमताजन्य मर्यादा प्रबळ आहे, तर कोपनहेगनमध्ये अधिकारजन्य. कोणती मर्यादा प्रथम आड येते हे ओळखल्याखेरीज केवळ रस्ते सुधारून किंवा बसगाड्या वाढवून प्रवाशांचा वेळ वाढेल असे मानणे चुकीचे होय.

३. तिकीट आणि वेळेची किंमत

तास निम्मे झाले म्हणून तिकीट निम्मे होत नाही. येथे अर्थशास्त्राचा एक परिचित प्रश्न उपस्थित होतो. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिझ्नीलँड उघडले, त्यानंतर थोड्याच काळात तेथे खेळांसाठी निरनिराळ्या दर्जांच्या कुपनांची पुस्तके विकली जाऊ लागली. प्रवेशाचे मूल्य एक आणि प्रत्येक खेळाचे मूल्य वेगळे, अशा द्विस्तरीय आकारणीचे विश्लेषण वॉल्टर ओय यांनी १९७१ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केले. सर्व ग्राहक सारखेच असतील तर मक्तेदाराने प्रवेशमूल्य चढे ठेवून खेळांचे मूल्य प्रत्यक्ष खर्चाइतके खाली आणणे त्यास लाभदायक ठरते. ग्राहकांच्या मागणीत भेद असल्यास मात्र चढ्या प्रवेशमूल्यामुळे अल्प मागणीचा ग्राहक दाराबाहेरच राहतो.

बंदरातून आलेला प्रवासी हा नेमका असा अल्प मागणीचा ग्राहक होय. त्याची इच्छा अल्प नसते. त्याचा वेळ अल्प असतो. १९८२ मध्ये डिझ्नीने कुपने बंद करून एकाच तिकिटाची पद्धत आणली, आणि सव्वातीन तास थांबणाऱ्याने बारा तास थांबणाऱ्याइतकेच मूल्य द्यावे असे ठरले. टिवोलीत मात्र आजही प्रवेश व खेळ यांची तिकिटे वेगळी घेता येतात. १९१४ पासून चालू असलेली तेथील लाकडी घसरगाडी, जिच्या प्रत्येक गाडीवर ब्रेक सांभाळणारा माणूस बसलेला असतो, एवढीच पाहावयाची असेल तर प्रवेश व एका फेरीचे मूल्य पुरते.

रांगेचाही असाच विचार करता येतो. डिझ्नीच्या उद्यानांत १९९९ मध्ये रांग टाळण्याची सोय विनामूल्य सुरू झाली होती. अमेरिकेतील त्यांच्या उद्यानांत २०२१ पासून तिची जागा पैसे देऊन घ्यावयाच्या सोयीने घेतली. ज्याचे एकूण मिनिटेच मोजकी आहेत त्याला प्रत्येक मिनिट अधिक मोलाचे असते. म्हणून या सोयीसाठी अधिक मूल्य देण्यास बंदराचा प्रवासी इतरांपेक्षा लवकर तयार होतो. वेळेची टंचाई नौकेच्या वेळापत्रकाने निर्माण केली, आणि तिचा लाभ उद्यानास मिळाला.

४. जोखमीची वाटणी

वरील हिशेबांत राखीव वेळ म्हणून जी मिनिटे धरली ती वस्तुतः विम्याचा हप्ता आहेत. प्रवाशाने नौका-कंपनीमार्फत सहल घेतली आणि परतीची बस अडकली, तर कंपन्या सामान्यतः नौका थांबवितात किंवा प्रवाशास पुढील बंदरी पोहोचविण्याची व्यवस्था करतात. प्रवासी स्वतःच्या व्यवस्थेने गेला असेल तर उशिराचा सर्व भार त्याच्यावर पडतो. कंपनीची सहल महाग का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे : प्रवासी वाहतुकीबरोबर निश्चिंतताही विकत घेत असतो.

हा भार कायद्यामुळे आणखी वाढू शकतो. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी-नौका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या नौकेस त्या देशातील दोन बंदरांमध्ये प्रवाशांची मुक्त ने-आण करता येत नाही. म्हणून न्यूयॉर्कहून निघून तेथेच परतणाऱ्या अशा नौकेस पोर्ट कॅनाव्हरलबरोबर बहामासारखे एखादे परदेशी बंदरही घ्यावे लागते. कॅनाव्हरल येथे नौका चुकलेल्या मनुष्यास पुढचे बंदर गाठावयाचे तर पारपत्र जवळ असावे लागते, आणि ते नौकेवरील खोलीत राहिले असेल तर साध्या उशिराचे मोठ्या संकटात रूपांतर होते.

५. उद्यानच बंदरावर आले तर

जाण्यायेण्यात वेळ जातो, रांगेत जातो, राखीव म्हणून जातो. हा अपव्यय नाहीसा करण्याचा एक मार्ग नौका-कंपन्यांनी शोधला आहे. डिझ्नीने १९९८ मध्ये आपल्या पहिल्या नौकेबरोबरच बहामातील एक बेट केवळ आपल्या प्रवाशांसाठी सज्ज केले. रॉयल कॅरिबियन कंपनीने त्याच द्वीपसमूहातील कोकोके या आपल्या बेटावर २०१९ मध्ये मोठे जलक्रीडोद्यान उघडले. येथे धक्का, उद्यान व नौका यांचे स्वामित्व व वेळापत्रक एकाच हाती आहे. तिन्ही मर्यादा एकदम शिथिल होतात आणि लोलक जवळजवळ पूर्ण वापरता येतो.

प्रवाशाच्या दृष्टीने ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु कोपनहेगनच्या उदाहरणात जो दीड तास शहराला मिळाला, तो येथे कोणालाच मिळत नाही. प्रवाशाची गाठ टॅक्सीवाल्याशी, खाणावळवाल्याशी, पुस्तकविक्रेत्याशी पडत नाही. कर व काही रोजगार यांपलीकडे यजमान समाजाशी त्याचा संबंध उरत नाही. मर्यादांनी वाया घालविलेला वेळ हा सर्वस्वी वाया गेलेला नव्हता. बंदराचे शहर त्यावर काही अंशी जगत होते. प्रवाशाची सोय आणि यजमानाचे हित यांचा हा विरोध या विषयाच्या मुळाशी आहे, व त्याचा निवाडा केवळ प्रवाशांच्या समाधानाच्या मोजमापाने होणार नाही.

६. मुंबईपुरता विचार

मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे रंजनोद्यान सत्तराहून अधिक किलोमीटर दूर असून, मुंबईच्या वाहतुकीचा अनिश्चितपणा पाहता राखीव वेळ पोर्ट कॅनाव्हरलपेक्षा मोठाच धरावा लागेल. उलट घारापुरीची लेणी गेटवेहून लाँचने सुमारे तासाभरात गाठता येतात. मात्र सोमवारी ती बंद असतात. सोमवारी येणाऱ्या नौकेच्या प्रवाशास समुद्र शांत असून आणि लाँच तयार असूनही लेणी दुर्लभ होतात.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे क्षेत्रकार्यास भरपूर वाव आहे. धक्क्यावरील तपासणीस प्रत्यक्षात लागणारा वेळ, निरनिराळ्या प्रहरी रस्त्यावर लागणारा वेळ आणि प्रेक्षणीय स्थळांच्या उघडण्याच्या वेळा यांच्या नोंदी घेऊन प्रत्येक धक्क्याचा लोलक काढता येईल. त्यावरून प्रवाशाचे तास कोठे खर्च होतात, आणि त्यांतील किती शहरास मिळतात, हे निश्चित सांगता येईल. नवे टर्मिनल बांधताना किती नौका येतील याचा अंदाज घेतला जातो. त्या नौकांतून उतरणाऱ्या मनुष्याच्या हाती किती वेळ राहील, याचाही अंदाज त्याबरोबरच घेतला गेला पाहिजे.