मंडालेचा राजा रत्नागिरीत

साकोली, लाखनी, भंडाऱ्याकडून कोकणात उतरणाऱ्या गाड्या गणपतीपुळ्याला हमखास थांबतात. तिथून तासाभरावर असलेल्या रत्नागिरीतला थिबा राजवाडा मात्र अनेकांच्या यादीत नसतो. आपल्या भागातल्या माणसाने तो आवर्जून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. ब्रह्मदेशाशी, म्हणजे आजच्या म्यानमारशी, आपलं नातं जुनं आहे. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे त्या देशातल्या अराकानचे. 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि त्याच वर्षी रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही गेले. त्या देशाचा शेवटचा राजा थिबा महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे.

थिबा मिंदान राजाचा मुलगा. तरुणपणी विहारात राहून त्याने पाली ग्रंथांचा अभ्यास केला होता. 1878 मध्ये तो मंडालेच्या गादीवर आला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या कित्येक स्त्री-पुरुषांची राजवाड्यात कत्तल झाली. हा डाग त्याच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही. पण इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं ते या कत्तलीपायी नव्हे. उत्तर ब्रह्मदेशात फ्रेंचांचं वजन वाढेल ही त्यांना धास्ती होती आणि निमित्त मिळालं सागवानाचं. मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तिथल्या जंगलातून सागवान तोडत होती. कंपनीने कर बुडवला म्हणून दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजी फौज इरावती नदीतून वर सरकली आणि अवघ्या दोन आठवड्यांत राजा कैद झाला. 1 जानेवारी 1886 रोजी त्याचं राज्य इंग्रजांच्या मुलखाला जोडलं गेलं.

राजाला आधी मद्रासला आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. सोबत राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि लहान मुली होत्या. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद; कैद्याला ठेवायला इंग्रजांना अशीच जागा हवी होती. पुढची चोवीस वर्षं कुटुंब बंगल्यांत राहिलं. राजवाडा पुरा झाला 1910 मध्ये, राजाची पन्नाशी उलटल्यावर. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभी असलेली ही तांबडी इमारत जांभ्या दगडाची आणि उतरत्या छपरांची आहे. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम थांबून बघावं. मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धमूर्ती आहे. लाकूडकामासाठी ब्रह्मदेशी सागवान वापरलं, तेच सागवान ज्याच्या दंडावरून त्याचं राज्य गेलं.

ही वास्तू उभी राहत होती तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते, 1908 ते 1914. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथेच लिहिलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत! दोघांना शेकडो कोस दूर नेऊन टाकणारं सरकार एकच होतं. पण टिळक सहा वर्षांनी परतले. थिबाला परत जाणं नव्हतंच. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला.

त्याची थोरली मुलगी राजाकडच्या गोपाळ सावंत नावाच्या पहारेकऱ्याच्या प्रेमात पडली. त्यांची मुलगी टुटू. 1919 मध्ये राणी मुलींसह रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र काही काळाने पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. टुटू मराठीत वाढली, एका मराठी माणसाशी तिचं लग्न झालं आणि हलाखीत दिवस काढून 2000 साली ती रत्नागिरीतच वारली. मंडालेच्या गादीच्या वंशाची एक शाखा कोकणातल्या साध्या घरांत मिसळून गेली. राजवाड्याइतकीच ही गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे.

पर्यटक राजवाडा बघतात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त बघतात आणि निघतात. शिवाजीनगर भागातल्या राजाच्या समाधीकडे फार थोडे वळतात. पार्थिव मायदेशी न्यायची परवानगी इंग्रजांनी दिली नाही, तेव्हा 1919 मध्ये राजाला तिथे चिरविश्रांती दिली; धाकट्या राणीची समाधीही शेजारीच आहे. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले, 2016 मध्ये मृत्युशताब्दीला वंशज आले. परदेशचा राष्ट्रप्रमुख ज्या जागी डोकं टेकवायला येतो, ती जागा आपल्या लोकांनी टाळावी हे बरं नाही. रत्नागिरीला जाल तेव्हा अर्धा दिवस काढा. आधी राजवाडा, मग समाधी. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढा वार टाळा.