डॉक्टर ऑफ एज्युकेशन

डॉक्टर ऑफ एज्युकेशन (संक्षेप: एड.डी.) ही शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट स्तरावरील व्यावसायिक पदवी आहे. शाळा, महाविद्यालय, शिक्षण प्रशासन किंवा समाजशिक्षण या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तींनी आपल्या कार्यक्षेत्रातील एखाद्या खऱ्या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा आणि त्या अभ्यासाचा उपयोग तो प्रश्न सोडविण्यासाठी करावा, हा या पदवीमागील मुख्य हेतू होय. ही पदवी प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील विद्यापीठे देतात. भारतात शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट सामान्यतः पीएच.डी. या स्वरूपातच दिली जाते.

इतिहास

अमेरिकेत शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी. कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजने 1893 मध्ये दिली. हार्वर्ड विद्यापीठाने 1920 मध्ये शिक्षणशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाळा स्थापन करून एड.डी. हा अभ्यासक्रम सुरू केला. वैद्यक आणि कायदा या व्यवसायांना जशी स्वतःची उच्च पदवी आहे, तशी ती शिक्षकी व्यवसायालाही असावी, असा त्यामागे विचार होता. टीचर्स कॉलेजने 1934 मध्ये एड.डी. सुरू केली. त्यानंतरच्या दशकांत शाळांचे मुख्याध्यापक, जिल्हास्तरीय शिक्षणप्रमुख आणि महाविद्यालयीन प्रशासक मोठ्या संख्येने या पदवीकडे वळले.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाने 1990 मध्ये आणि ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने 1992 मध्ये हा अभ्यासक्रम आरंभिला. या दोन्ही देशांत नोकरी सांभाळून, अंशकालीन पद्धतीने एड.डी. करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे.

पीएच.डी. आणि एड.डी. यांतील भेद

तत्त्वतः दोन्ही पदव्यांचा दर्जा समान मानला जातो. भेद आहे तो उद्दिष्टांत. पीएच.डी.चा संशोधक ज्ञानशाखेतील एखादी उणीव शोधतो व ती भरून काढतो. त्याचा पहिला वाचक दुसरा संशोधक असतो. एड.डी.चा संशोधक कामाच्या ठिकाणी वारंवार भेडसावणारी अडचण हाती घेतो. त्याच्या निष्कर्षांचा पहिला उपयोग त्याच शाळेतील शिक्षकांना, पालकांना आणि विद्यार्थ्यांना व्हावा, अशी अपेक्षा असते.

प्रत्यक्षात मात्र ही सीमारेषा दीर्घकाळ पुसटच राहिली. अनेक विद्यापीठांत दोन्ही पदव्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रबंध जवळजवळ सारखेच होते. परिणामी एड.डी. म्हणजे सौम्य केलेली पीएच.डी., अशी टीका होऊ लागली. टीचर्स कॉलेजचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही पदवी बंदच करावी, अशी शिफारस केली. याउलट कार्नेगी फाउंडेशनचे तत्कालीन अध्यक्ष ली शुल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मधील एका लेखात व्यवसायनिष्ठ डॉक्टरेटची नव्याने आणि स्वतंत्रपणे उभारणी करावी, असे प्रतिपादन केले.

कार्नेगी प्रकल्प

या वादातून 2007 मध्ये 'कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट' हा प्रकल्प उभा राहिला. आरंभी त्यात सुमारे दोन डझन विद्यापीठे सहभागी झाली. पुढे ही संख्या शंभरावर गेली. प्रकल्पाने 2009 मध्ये सहा मार्गदर्शक तत्त्वे निश्चित केली. व्यवहारातील गुंतागुंतीचे प्रश्न सोडविताना समता, नीती आणि सामाजिक न्याय यांचा विचार मध्यवर्ती असावा. विद्यार्थ्याला वेगवेगळ्या समाजगटांशी सहकार्य करता यावे. त्याला प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात प्रश्नाचे विश्लेषण करण्याची संधी मिळावी. आणि अनुभवजन्य ज्ञान व संशोधनजन्य ज्ञान यांची सांगड घातली जावी, हा या तत्त्वांचा गाभा आहे.

या प्रकल्पामुळे दोन संकल्पना विशेष रूढ झाल्या. पहिली 'व्यवहारप्रश्न', म्हणजे व्यावसायिकाच्या दैनंदिन कामात रुतून बसलेला, निश्चित करता येण्याजोगा आणि सुटल्यास लोकांच्या जीवनात फरक पडेल असा प्रश्न. दुसरी 'व्यवहारनिष्ठ प्रबंध'. हा प्रबंध पारंपरिक पाच प्रकरणांचाच असावा, असे बंधन नसते. काही विद्यापीठांत तो गटाने केलेला अभ्यास, धोरणविषयक टिपण, शिक्षकांसाठी तयार केलेले प्रशिक्षण साहित्य किंवा एखाद्या उपक्रमाचे मूल्यमापन या रूपातही स्वीकारला जातो.

हार्वर्ड विद्यापीठाने 2010 मध्ये शैक्षणिक नेतृत्वासाठी तीन वर्षांची वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट सुरू केली. तिच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला एखाद्या शैक्षणिक संस्थेत दहा महिने प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्या कामावर आधारित प्रबंध सादर करावा लागतो. जुनी एड.डी. पदवी मात्र या विद्यापीठाने पुढे बंद करून तिच्या जागी पीएच.डी. आणली.

संशोधनाची पद्धती

व्यवहारनिष्ठ प्रबंधात प्रामुख्याने दोन पद्धती वापरल्या जातात.

कृतिसंशोधन: या पद्धतीचे मूळ समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या 1946 मधील लेखनात आढळते. शालेय शिक्षणात ती स्टीफन कोरे यांच्या 1953 मधील ग्रंथामुळे रुजली. प्रश्न ओळखणे, उपाय योजणे, परिणाम पाहणे आणि त्यावर पुनर्विचार करणे, अशी तिची आवर्तने असतात. समाजातील व्यक्ती स्वतःच सहसंशोधक झाल्या, तर तिला सहभागी कृतिसंशोधन म्हणतात.

सुधारणाशास्त्र: ही पद्धती वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड डेमिंग यांच्या औद्योगिक गुणवत्तेविषयीच्या विचारांतून विकसित झाली आणि आरोग्यसेवेमार्गे शिक्षणात आली. अँथनी ब्राइक आणि सहकारी यांच्या 2015 मधील ग्रंथाने तिला शिक्षणक्षेत्रात व्यापक मान्यता मिळवून दिली. 'योजना, कृती, अभ्यास, अंमल' हे तिचे चक्र होय. कोणताही बदल आधी एका वर्गात किंवा एका आठवड्यापुरता करून पाहायचा, त्याची मोजदाद करायची आणि उपयोग दिसला तरच तो वाढवायचा, असा तिचा क्रम आहे. 'हा उपाय चालतो का?' एवढाच प्रश्न ती विचारत नाही. तो कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत चालतो, हेही ती पाहते.

एक ज्ञात उदाहरण

अमेरिकेच्या माजी प्रथम महिला जिल बायडन यांना डेलावेअर विद्यापीठाने 2007 मध्ये एड.डी. प्रदान केली. त्या स्वतः सामुदायिक महाविद्यालयात अध्यापन करीत होत्या. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात आणि त्यांना टिकवून ठेवण्यासाठी त्यांच्या कोणत्या गरजा पुरवाव्या लागतील, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. डिसेंबर 2020 मध्ये एका अमेरिकी दैनिकातील लेखात त्यांच्या 'डॉक्टर' या उपाधीची खिल्ली उडविण्यात आली, तेव्हा व्यवहारनिष्ठ संशोधनाच्या प्रतिष्ठेविषयीची जुनी चर्चा पुन्हा उफाळून आली.

भारतातील स्थिती

भारतात शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली लागू असते. 2022 च्या नियमावलीनुसार या पदवीचा किमान कालावधी तीन वर्षे असून संशोधनपूर्व अभ्यासक्रम किमान 12 श्रेयांकांचा असतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधनपत्रिकेत लेख प्रसिद्ध करण्याची पूर्वीची सक्ती या नियमावलीत ठेवलेली नाही. स्वीकृत प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर खुले केले जातात. बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या उच्च अध्ययन केंद्राने एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली 1974 मध्ये भारतीय शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. देशभर विखुरलेल्या प्रबंधांची एकत्रित नोंद त्यामुळे प्रथमच उपलब्ध झाली.

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांमध्ये सेवेत असलेले शिक्षक आणि प्राध्यापक मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे पदवीचे नाव वेगळे असले तरी व्यवहारप्रश्न त्यांच्या हाताशीच असतो. डी.एड., बी.एड. आणि सेवांतर्गत प्रशिक्षणांमुळे 'कृतिसंशोधन' हा शब्दही महाराष्ट्रातील शिक्षकांना परिचित आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग

संशोधन आणि समाज यांना जोडणारे महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम भारतीय शिक्षण संस्थेने केले. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी ही संस्था 1948 मध्ये मुंबईत स्थापन केली. 1976 मध्ये ती पुण्यास आली. नाईक हे 1964–66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली 1979 पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा कृतिसंशोधन प्रकल्प राबविण्यात आला.

दिवसा गुरे राखणारी, शेतात राबणारी किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुले शाळेत येत नाहीत, हा प्रश्न तेथे समोर होता. मुलांना शाळेच्या वेळेत बसविण्याऐवजी शाळेची वेळ मुलांच्या सोयीने ठरविण्यात आली आणि वर्ग संध्याकाळी भरू लागले. या वर्गांना येणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी होती. शिकविण्यासाठी शक्यतो गावातीलच व्यक्ती निवडल्या गेल्या आणि गावाची समिती देखरेख ठेवू लागली. मुलांची प्रगती पाहण्यासाठी परीक्षेऐवजी बालजत्रा भरविल्या जात. शाळेबाहेरील मूल हा मुलाचा किंवा पालकाचा दोष नसून व्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे, ही या प्रकल्पामागील धारणा होती.

व्यवहारप्रश्नाची मांडणी

व्यवहारप्रश्न कसा आकार घेतो, हे पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात आणि कित्येक महिन्यांनी परततात. त्या भागातील एखाद्या केंद्रप्रमुखाने संशोधनासाठी 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शैक्षणिक मागासलेपण' असा विषय घेतल्यास तो फार व्यापक ठरतो. शिवाय त्यात उणीव मुलांची आहे, असे सूचित होते. 'केंद्रातील शाळांत हंगामी वसतिगृहाची सोय असूनही काही पालक मुलींना मागे का ठेवत नाहीत?' हा प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही. ते पालकांशी, विशेषतः आईशी बोलूनच मिळते. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी, कोपीवर लहान भावंडाला सांभाळण्याची गरज, घरी आजी-आजोबा नसणे, अशी निरनिराळी कारणे पुढे येऊ शकतात आणि प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा असतो. त्यांतील एक उपाय एका शाळेत एका हंगामापुरता करून पाहणे, हे अशा संशोधनाचे पहिले आवर्तन ठरते.

नैतिक प्रश्न

आपल्याच कार्यक्षेत्रात संशोधन करणाऱ्यासमोर काही विशेष अडचणी उभ्या राहतात. मुख्याध्यापकाने आपल्याच शाळेतील शिक्षकांना प्रश्नावली दिली, तर ते मोकळेपणाने उत्तर देतील याची खात्री नसते. पालकांची संमती खरोखर ऐच्छिक आहे की मुलाच्या भवितव्याच्या भीतीपोटी आहे, हेही तपासावे लागते. छोट्या गावात नाव वगळले तरी माणूस ओळखता येतो, म्हणून गोपनीयता राखणे कठीण होते. अपयशी ठरलेला उपाय प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदविल्यास संस्थेची नाचक्की होईल, असा दबावही संशोधकावर येऊ शकतो.

समाजाला निष्कर्ष परत कळविणे हे संशोधकाचे कर्तव्य मानले जाते. त्यासाठी ग्रामसभेत किंवा पालकसभेत लोकांच्या भाषेत निवेदन करणे, शिक्षकांसाठी छोटी पुस्तिका काढणे, असे मार्ग अवलंबिले जातात. ज्यांनी वेळ आणि माहिती दिली, त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही, तर पुढील संशोधकासाठी त्या गावाची दारे बंद होतात.

टीका आणि मर्यादा

एका शाळेतील निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतीलच असे नाही, हा व्यवहारनिष्ठ संशोधनावरील मुख्य आक्षेप आहे. त्यावर समर्थकांचे उत्तर असे की, निष्कर्ष जसेच्या तसे उचलायचे नसून ते ज्या परिस्थितीत निघाले तिचे तपशीलवार वर्णन वाचून आपल्या परिस्थितीशी ताडून पाहायचे असतात. दुसरा आक्षेप पदोन्नती आणि वेतनवाढ यांच्याशी संबंधित आहे. पदवीला आर्थिक लाभ जोडला गेला की सोयीचा विषय निवडण्याकडे कल वाढतो. तिसरी मर्यादा कालावधीची. पदवी तीन-चार वर्षांत संपते. समाजाचा प्रश्न त्या मुदतीत सुटतोच असे नाही. संशोधकाची बदली झाली किंवा पदवी हाती आली की उपक्रम बंद पडतो. म्हणून उपक्रमाची जबाबदारी आरंभापासूनच शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षक आणि पालक यांच्याकडे असावी, असे या क्षेत्रातील अभ्यासक सुचवितात. प्रबंध पूर्ण झाल्यानंतरही काम चालू राहिले की नाही, ही व्यवहारनिष्ठ डॉक्टरेटची खरी कसोटी मानली जाते.

हे सुद्धा पहा

कृतिसंशोधन
जे. पी. नाईक
चित्रा नाईक
कोठारी आयोग