जगांतील इंधनाचा हिशेब

अन्न शिजविणें, घरांत उजेड करणें, गाड्या व कारखाने चालविणें या सर्वांस शक्ति लागते. निरनिराळे देश ती कोठून मिळवितात व किती खर्च करितात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें म्हणून हा अल्प लेख लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम साधनांचा विचार करूं. खनिज तेल, दगडी कोळसा व नैसर्गिक वायु हीं तीन इंधनें जगांत विकत मिळणाऱ्या शक्तीचा सुमारें चार-पंचमांश भाग आजहि पुरवितात. त्यांत तेलाचा क्रम पहिला, कोळशाचा दुसरा व वायूचा तिसरा. कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या वनस्पति व सूक्ष्म जीव यांपासून तीं झालीं असल्यामुळें एकदां जाळल्यावर पुन्हां भरून येत नाहींत. शिवाय त्यांच्या ज्वलनानें निघणारा कर्बद्विप्राणिल वायु पृथ्वीचें उष्णतामान वाढवीत आहे. उरलेला भाग मुख्यत्वें पाणी, अणु, वारा व सूर्य यांपासून मिळतो.

पुष्कळांस वीज हेंच शक्तीचें मूळ वाटतें. परंतु ती केवळ शक्ति वाहून आणिते. बटण दाबतांना आपणांस धूर दिसत नाहीं, तो दूरच्या धुराड्यांतून निघालेला असतो. भारतांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते. फ्रान्सांत सुमारें दोन-तृतीयांश अणुशक्तीपासून, तर नॉर्वेंत बहुतेक सर्व पाण्यापासून. आपल्या महाराष्ट्रांत खोपोली येथें १९१५ सालीं घाटावरून सोडलेल्या पाण्यावर वीज निर्माण होऊं लागली व १९६९ सालीं तारापूर येथें अणुशक्तीपासून.

आतां देशांकडे वळूं. एकंदर खर्चांत चीन पहिला, अमेरिका दुसरी व भारत तिसरा आहे. जगांतील निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळितो. हा क्रम वाचून भारतीय लोक फार उधळे आहेत असें कोणास वाटेल. परंतु घरखर्च पाहतांना आपण घरांत माणसें किती हेंहि विचारतों. अमेरिकेंत सुमारें चौतीस कोटि लोक राहतात, भारतांत एकशें चाळीस कोटींहून अधिक. माणशीं भागाकार केला म्हणजे एक अमेरिकन मनुष्य एका भारतीयाच्या सुमारें दसपट, व एक चिनी मनुष्य सुमारें चौपट शक्ति वापरितो, असें दिसून येतें. कतारसारख्या लहान देशांत तर हें प्रमाण अमेरिकेच्या दुपटीहूनहि अधिक आहे.

सरपण व गोवऱ्या या हिशेबांत बहुधा धरलेल्याच नसतात. जगांतील सुमारें दोनशें कोटि लोक अद्यापि धुराच्या चुलीवर स्वयंपाक करितात. तो धूर आईच्या व तिच्याजवळ बसलेल्या मुलाच्या छातींत जातो. मोळी आणण्यासाठीं कित्येक मुलींची शाळा बुडते. अशा घरांस काटकसरीचा उपदेश करणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांस अधिक व निर्धूर शक्ति मिळाली पाहिजे. काटकसर शिकावयाची ती ज्यांच्या घरीं रिकाम्या खोलींत दिवे व पंखे चालू राहतात त्यांनीं.

ईश्वरानें ही सृष्टि आपल्या हवालीं केली ती कारभारी म्हणून, धनी म्हणून नव्हे. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरचें विजेचें बिल वडिलांजवळ मागून घ्यावें, त्यांतील आंकडे वाचावे व दोन महिन्यांची तुलना करून पाहावी, एवढी आमची सूचना आहे. पालकहि या कामीं मुलांस साहाय्य करितील अशी आम्हांस उमेद आहे.