मेडशीत सोयाबीन उगवतंय, कॅमेऱ्यात!

कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी सोयाबीनच्या अंकुराचा टाइमलॅप्स करतोय. दर 10 मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला 144. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर अख्खा दिवस पडद्यावर फक्त 6 सेकंद! फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलच. ऑटोवर ठेवलं की चित्र लुकलुकतं. खिडकी बंद, एकच एलईडी दिवा कायम सुरू. (इन्व्हर्टर लागतोच, हे आपल्याकडे सांगायला नको.)

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ अशीच टिपली. महिनाभराहून जास्त काळ, तेही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर! मिनिटभराची ती फिल्म दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवलं.

ट्रायपॉड भक्कम हवा. घरात मांजर असेल तर दाराला कडी लावा.