खाडीतील लहान होडीसाठी नांगराची निवड व वापर

ठाणे जिल्ह्यात खाडीकाठी राहणाऱ्या अनेक कुटुंबांकडे शेतीबरोबरच एखादी लहान होडी असते. खारभूमीतील शेताकडे जाणे, बांधाची पाहणी करणे, डोल किंवा आसू जाळे लावणे, पैलतीरावरून गवत अथवा सामान आणणे अशी कामे या होडीने होतात. ठाण्यात नौपाड्याच्या लगतच्या चेंदणी कोळीवाड्यापासून कोपरी, विटावा, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीचे मोठागाव आणि पुढे कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत असा हा खाडीकाठ पसरला आहे. होडी, इंजिन व जाळी यांवर मोठा खर्च केला जातो. नांगराकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. हाताशी येईल तो दगड किंवा जुने लोखंड दोराला बांधून काम भागविले जाते. अशी होडी रात्री उधाणाच्या पाण्यात सुटून पुलाच्या खांबावर आपटली, तर एका रात्रीत सर्व भांडवल जाते. होडीत माणूस असेल तर जिवावरच बेतते. म्हणून नांगराची शास्त्रीय निवड व योग्य वापर यांची माहिती येथे दिली आहे.

नांगर धरतो कसा?

पुष्कळांची अशी समजूत असते की नांगर आपल्या वजनामुळे होडीला धरून ठेवतो. ही समजूत बरोबर नाही. शेतातला नांगर आणि होडीचा नांगर या दोन्हींना आपल्या भाषेत एकच नाव आहे आणि त्यांचे कामही एकाच तत्त्वावर चालते. बैलांची ओढ जमिनीलगत असेल तर फाळ मातीत घुसतो. ओढ वरच्या दिशेने गेली की फाळ माती सोडतो. होडीच्या नांगराचेही तसेच आहे. दोराची ओढ तळाशी जितकी आडवी, तितकी नांगराची पाती चिखलात खोल जातात व पकड वाढते. दोर आखूड पडला की ओढ उभी होते, पाती उखडतात आणि होडी वाहू लागते. भारी नांगर आखूड दोरावर सुटतो आणि हलका पण योग्य आकाराचा नांगर लांब दोरावर टिकतो, त्याचे कारण हेच आहे.

नांगराचे प्रकार

१) दगडी नांगर : भोक पाडलेले दगड नांगर म्हणून वापरण्याची प्रथा फार जुनी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारका, विजयदुर्ग इत्यादी ठिकाणी पाण्याखाली असे जुने नांगर आढळले आहेत. मात्र साधा दगड केवळ वजनावर धरतो, शिवाय पाण्यात त्याचे वजन कमी भरते. जाळ्याला भार म्हणून किंवा संथ पाण्यात थोडा वेळ थांबण्यासाठी तो ठीक आहे. ओहोटीच्या जोरात त्यावर विसंबू नये.

२) चार नख्यांचा नांगर : हा सर्वत्र मिळतो व स्वस्त असतो. खडक, दगडगोटे किंवा पाण्यातील झाडोरा असलेल्या तळावर त्याच्या नख्या चांगल्या अडकतात. मऊ चिखलात मात्र त्या बारीक नख्या लोणी कापावे तशा चिखल कापत जातात. खाडीत अनेक जण हाच नांगर वापरतात आणि तो सरकला की अधिक वजनाचा घेतात. तेथे वजन वाढविण्यापेक्षा प्रकार बदलणे फायद्याचे ठरते.

३) पसरट पात्यांचा (डॅनफर्थ) नांगर : याच्या दांड्याला दोन रुंद, हलती पाती असतात. वजनाच्या मानाने चिखलात व वाळूत याची पकड सर्वांत चांगली असते. वाळूसाठी पात्यांचा दांड्याशी कोन सुमारे ३० ते ३२ अंश, तर अगदी मऊ चिखलासाठी सुमारे ४५ अंश योग्य समजला जातो. होडीची दिशा पूर्ण उलटली की हा नांगर काही वेळा सुटतो, हा त्याचा दोष आहे. पात्यांत प्लास्टिकची पिशवी अडकली तरी तो घुसत नाही.

४) फाळाच्या आकाराचा नांगर : इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ साली शेतीच्या नांगराच्या फाळासारखा नांगर तयार केला. तो दिशा बदलली तरी वळून पुन्हा घुसतो. किंमत व वजन जास्त असल्याने लहान वल्ह्याच्या होडीस तो परवडत नाही, परंतु इंजिनाच्या मोठ्या होडीस उपयुक्त आहे.

ठाणे खाडी व उल्हास खाडीचा तळ बहुतांशी मऊ गाळाचा आहे. त्यामुळे येथे मुख्य नांगर पसरट पात्यांचा ठेवावा आणि दुसरा, चार नख्यांचा, जोडीला असावा. साधारणपणे पाच ते सहा मीटर लांबीच्या हलक्या होडीस ४ ते ६ किलोचा, तर सात ते आठ मीटरच्या होडीस ६ ते ८ किलोचा पसरट पात्यांचा नांगर घ्यावा. होडी जड लाकडाची असेल किंवा नेहमी भरलेली असेल तर एक माप वरचे घ्यावे.

साखळी व दोर

नांगर व दोर यांच्यामध्ये ६ ते ८ मिलिमीटर जाडीची जस्ताचा मुलामा दिलेली साखळी जोडावी. तिची लांबी निदान दोन-तीन मीटर, शक्य झाल्यास होडीच्या लांबीइतकी असावी. साखळीच्या वजनामुळे ओढ तळालगत आडवी राहते आणि दोर तळाच्या शिंपल्यांवर, दगडांवर घासून तुटत नाही.

दोर नायलॉनचा, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. नायलॉन ताण पडल्यावर लांबतो व लाटेचा झटका सोसतो. बाजारात मिळणारा पिवळा किंवा निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असला तरी पाण्यावर तरंगतो. तो दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकू शकतो, तसेच उन्हाने लवकर ठिसूळ होतो. शॅकलची खीळ घट्ट आवळून ती बाइंडिंग तारेने बांधून टाकावी, कारण खीळ आपोआप सैल होऊन नांगर पाण्यात राहिल्याची उदाहरणे सर्वत्र सांगितली जातात. दोराचे मागचे टोक होडीच्या भक्कम भागाला आधीच बांधलेले असावे.

दोराची लांबी : हिशेब भरतीच्या पाण्यावर

पाण्याची खोली आणि होडीच्या नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या किमान पाचपट दोर सोडावा. वारा किंवा प्रवाह जोरदार असेल तर सातपट सोडावा. दोर ताणलेला असता तिपटीस तो तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन करतो, पाचपटीस सुमारे १२ अंशांचा व सातपटीस सुमारे ८ अंशांचा.

आपल्या खाडीत खरी चूक होते ती खोली धरताना. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. नांगर ओहोटीला टाकला आणि दोर त्या वेळच्या पाण्यावर मोजला, तर सहा तासांनी तो हिशेब चुकतो. पुढील उदाहरण पाहावे.

ओहोटीची खोली : २ मीटर
भरतीची वाढ : ४ मीटर
नाळेची उंची : ०.५ मीटर
भरतीच्या वेळची एकूण उंची : ६.५ मीटर
लागणारा दोर (पाचपट) : ३२.५ मीटर, म्हणजे सुमारे १८ वाव

ओहोटीच्या पाण्यावर मोजल्यास २.५ मीटरच्या पाचपट, म्हणजे १२.५ मीटर दोर पुरेसा वाटतो. परंतु भरती आल्यावर हाच दोर दुपटीपेक्षाही कमी ठरतो आणि दोराचा कोन सुमारे ३१ अंशांवर जातो. होडी सुटते ती बहुधा अशा वेळी, मालक घरी झोपलेला असताना. म्हणून दोर नेहमी त्या दिवसाच्या पूर्ण भरतीच्या पाण्यावर मोजावा. दोरावर दर पाच मीटरला रंगीत कापडाची चिंधी गुंफून ठेवल्यास अंधारातही माप कळते.

भरती-ओहोटीचा अंदाज

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कल्याणच्या बाजूस आत जावे तशी ही वेळ आणखी उशिरा येते. आपल्या धक्क्यावरील खांबास उधाणाच्या व भांगाच्या पाण्याची रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे पाणी किती चढणार हे पाहताच कळेल.

पाणी चढण्याचा वेगही सारखा नसतो. एकूण वाढीचे बारा भाग केल्यास सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २ व १ भाग असे पाणी चढते, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे तिसऱ्या व चौथ्या तासात निम्मी भरती येते आणि प्रवाहाचा जोरही त्याच वेळी सर्वाधिक असतो. या दोन तासांत नांगरावर विशेष लक्ष ठेवावे.

नांगर टाकण्याची पद्धत

१) पूल, डोल जाळ्यांचे खुंट, पाण्याखालील नळ व विजेच्या तारा यांपासून दूर जागा निवडावी. पूर्वी वाळू काढलेल्या जागी तळ खड्ड्यांचा असतो, तेथे नांगर नीट धरत नाही.
२) होडीची नाळ प्रवाहाकडे किंवा वाऱ्याकडे, ज्याचा जोर अधिक त्या दिशेला करावी व होडी थांबवावी.
३) नांगर फेकू नये. नाळेवरून हळूहळू खाली सोडावा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये.
४) नांगर तळाला लागल्यावर होडी मागे जाऊ द्यावी व दोर थोडा थोडा सोडावा. एक तृतीयांश दोर गेल्यावर क्षणभर अडवून पाती घुसू द्यावीत, नंतर उरलेला दोर सोडून नाळेला बांधावा.
५) किनाऱ्यावरील दोन खुणा, उदाहरणार्थ विजेचा खांब व मागचे झाड, एका रेषेत धरून पाच-दहा मिनिटे पाहाव्यात. रेषा मोडली तर होडी सरकत आहे असे समजावे. दोरावर हात ठेवला असता थरथर जाणवली तरीही नांगर घासत आहे असे ओळखावे.
६) नांगर सरकत असल्यास प्रथम आणखी दोर सोडावा. तरीही न धरल्यास उचलून पाती साफ करावीत व पुन्हा टाकावा.

दोर मागच्या बाजूस कधीही बांधू नये. होडीची मागची बाजू बुटकी असते व तेथे इंजिनाचा भार असतो. प्रवाहाचा लोंढा तिच्यावर आला की पाणी आत शिरते आणि होडी काही क्षणांत बुडते. लहान होड्यांचे कित्येक जीवघेणे अपघात या एका चुकीने होतात. अडकलेला नांगर सोडवितानाही दोर मागे घेऊन इंजिनाने ओढू नये. त्यासाठी नांगराच्या खालच्या टोकाला वेगळा बारीक दोर बांधून त्यावर बोया सोडावा. नांगर अडकल्यास या दोराने तो उलट्या दिशेने सहज निघतो.

अरुंद खाडीतील विशेष काळजी

३३ मीटर दोरावर होडी ओहोटीच्या उथळ पाण्यात जवळजवळ ६६ मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरू शकते. कळवा, मुंब्रा यांसारख्या अरुंद पात्रात इतकी जागा मिळत नाही. अशा ठिकाणी दोर आखूड करण्याऐवजी दोन नांगर टाकावेत, एक भरतीच्या प्रवाहाच्या दिशेस व दुसरा ओहोटीच्या. दोन्ही दोर नाळेलाच बांधावेत. प्रवाह उलटला की एकाचा ताण दुसऱ्यावर जातो व होडी जागच्या जागी वळते.

पाणी ओसरल्यावर होडी चिखलात बसणार असेल तर ती स्वतःच्याच नांगरावर बसणार नाही अशा अंतरावर नांगर ठेवावा, अन्यथा फळी किंवा फायबरचा तळ फुटतो. दोर तिवरांच्या फांद्यांना बांधू नये. फांदी मोडते, आणि खारफुटीची हानी करण्यास कायद्याने बंदीही आहे.

इंजिनाची होडी चालविताना नांगर नाळेवर मोकळा व तयार ठेवावा. इंजिन बंद पडून होडी ठाणे-कळवा दरम्यानच्या पुलांकडे, ऐरोली पुलाकडे किंवा दुर्गाडी पुलाकडे वाहू लागली तर इंजिनाशी झटत न बसता आधी नांगर टाकावा. पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला असता मात्र कोणत्याही नांगराचा भरवसा धरू नये. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही वेळी या नदीचे पाणी किती झपाट्याने चढते हे सर्वांनी पाहिले आहे. अतिवृष्टीचा इशारा मिळताच होडी काठावर ओढून घ्यावी.

देखभाल

वापरानंतर नांगर व साखळी गोड्या पाण्याने धुवावी. महिन्यातून एकदा शॅकल, कडी व दोराचे नाळेशी घासणारे टोक तपासावे. दोराचा धागा तुटू लागल्यास टोके उलटसुलट करून वापरावीत व जास्त झिजलेला भाग कापून टाकावा. दोर उन्हात न ठेवता सावलीत गुंडाळून ठेवावा.

तळानुसार नांगराचा प्रकार निवडणे, साखळी जोडणे, दोर पूर्ण भरतीच्या पाण्यावर मोजणे आणि तो नाळेलाच बांधणे, या चार गोष्टी पाळल्यास थोड्या खर्चात होडी व माणूस दोन्ही सुरक्षित राहतात. येत्या उधाणापूर्वी शेतकरी व मच्छीमार बंधूंनी आपल्या होडीतील दोर एकदा वावेने मोजून पाहावा.