परिषदेचे शुल्क कोण भरणार?
९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, २५ वर्षांच्या विद्यार्थी भीमरावांनी भारतातील जातींवर शोधनिबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. पाठीशी बडोद्याची शिष्यवृत्ती होती, हे विसरून चालणार नाही.

आज राज्यशास्त्राच्या विद्यार्थी परिषदा भरतात. पण नोंदणी शुल्क, प्रवास, मुक्काम यांचा खर्च आमच्या पोरांनी कोठून आणायचा? शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडत नाही. मग आरक्षणावर निबंध वाचतो कोण? जातीच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत कधी उभा न राहिलेला!

जयंतीच्या वर्गणीतून दोन मुलांचे शुल्क आणि रेल्वेभाडे सहज निघेल. डीजे तासभर कमी वाजला तरी भागते. यंदा जयंती समितीच्या पहिल्याच बैठकीत आम्ही हा ठराव मांडणार आहोत.