जन्म किंवा रहिवास: ‘371 जे’चा मागोवा

जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. खासगी उद्योगांतल्या व्यवस्थापकीय जागांपैकी 50 टक्के आणि बाकीच्यांपैकी 70 टक्के स्थानिकांना. स्थानिक कोण? राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. दहावीला कन्नड विषय नसेल तर भाषेची परीक्षा द्यायची. बेंगळुरूच्या उद्योजकांनी ओरड केली आणि दोनेक दिवसांत विधेयक बाजूला ठेवले गेले. बीदर-गुलबर्गा भागातल्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदमधल्या मराठी घरांचे म्हणणे कुणी विचारलेच नाही. ज्यांनी दहावी उदगीर-लातूरला केली, त्यांनी काय करायचे? विधेयक सभागृहात आलेच नाही, त्यामुळे हा प्रश्न मांडायला जागाही मिळाली नाही.

याच भागाने त्याच्या बारा वर्षे आधी घटनेच्या ‘371 जे’ कलमाचा कायदा वेगळ्या वाटेने होताना पाहिला होता, म्हणून हे अधिक बोचले.

1956 नंतरची साडेचार दशके थोडक्यात आटोपावीत अशीच आहेत. हैदराबाद राज्य मोडले, बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूर राज्यात. तेलंगणासह आंध्र प्रदेशाला 1973 च्या घटनादुरुस्तीने 371 डी हे संरक्षण मिळाले. बीदर-गुलबर्ग्याच्या वाट्याला फक्त निवडणुकीतली आश्वासने आली.

खरी हालचाल दिसते ती 2002 पासून. त्या वर्षी डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने राज्यातल्या 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले आणि त्यांतले 39 अतिमागास. अतिमागासांत गुलबर्गा विभागाचे तालुके सर्वाधिक होते. गावोगाव लोक जे बोलत होते, ते आता सरकारी अहवालात आकड्यांनिशी आले. वैजनाथ पाटील यांची हैदराबाद-कर्नाटक होराट समिती तेव्हा रस्त्यावर होती. बंद, धरणे, मोर्चे, पुन्हा बंद. वाजपेयी सरकारचे गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी 371 डीसारख्या संरक्षणाची त्यांची मागणी फेटाळली. तो नकार या भागाने विसरावा असा नाही, कारण त्यापायी एका पिढीची उमेदीची वर्षे गेली.

पुढे चित्र पालटले. मार्च 2012 मध्ये कर्नाटक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष तरतुदींच्या बाजूने ठराव केले. राज्यात भाजप, केंद्रात काँग्रेस, तरी मागणी एकच. बीदरचे खासदार होते माजी मुख्यमंत्री धरमसिंह, तर गुलबर्ग्याचे मल्लिकार्जुन खर्गे केंद्रात मंत्री. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे नुकतेच गृहमंत्री झाले होते. 7 सप्टेंबर 2012 रोजी 118 वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले.

तिथून ते गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेले. अध्यक्ष होते व्यंकय्या नायडू, विरोधी पक्षाचे आणि कर्नाटकातूनच राज्यसभेवर गेलेले. या टप्प्याला लोक वेळकाढूपणा म्हणतात, पण विरोधकांना कलमे वाचून मत देण्याची संधी तिथेच मिळते. घटनादुरुस्तीला साधे बहुमत पुरत नाही. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा हवा. दोन सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठकीची पळवाटही नसते. लोकसभेने 18 डिसेंबरला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने विधेयक मंजूर केले. जानेवारी 2013 च्या आरंभी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांची संमती मिळाली. विधेयकांचा आणि कायद्यांचा क्रम वेगळा असल्याने 118 वे विधेयक 98 वी घटनादुरुस्ती ठरले आणि घटनेत ‘371 जे’ हे कलम आले. ती अमलात यायला 1 ऑक्टोबर 2013 उजाडला.

त्यातून सहा जिल्ह्यांसाठी विकास मंडळ आले. भागातल्या सरकारी नोकऱ्यांत ‘अ’ आणि ‘ब’ गटांत 75, ‘क’ गटात 80, ‘ड’ गटात 85 टक्के आरक्षण आले, शिक्षणसंस्थांत 70 टक्के जागा आल्या. हक्क कुणाला, तर जन्माने किंवा रहिवासाने इथल्या असलेल्याला. मातृभाषेची अट कलमात नाही. म्हणून भालकीच्या मराठी, हुमनाबादच्या उर्दू आणि सेडमच्या कन्नड घरातली मुले मेडिकलच्या जागेसाठी एकच प्रमाणपत्र घेऊन रांगेत उभी राहतात. मराठी माणसाला सीमाभागात मिळालेले इतके निखळ न्याय्य कलम दुसरे दाखवता येणार नाही.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात, मूळ 371 व्या कलमावर उभ्या असलेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. उदगीरकरांचे ते छत्र गेले. मिळालेले टिकवण्यासाठी जागे राहावे लागते, हे बीदरच्या आमदारांनी ध्यानात घ्यायला हवे.

2024 चे विधेयक तेव्हा रद्द न होता नुसते थांबवले गेले. ते पुन्हा आणायचे असेल तर सरकारने आधी ते विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे पाठवावे, समितीने बीदर आणि कलबुर्गीत (पूर्वीच्या गुलबर्ग्यात) बसून लोकांचे ऐकावे, आणि स्थानिकाची व्याख्या संसदेने 2012 मध्ये केली तीच ठेवावी: जन्म किंवा रहिवास.